शिंगाचा घोडा

आमच्या थोरल्या घराच्या सोप्यात, देवळीच्या वर, एक तसबीर होती. सागवानी चौकट, धुरानं काळी पडलेली काच आणि आत रंगीत छापील चित्र. वीतभर रुंद आणि दीड वीत उंच असंल. मधी ढाल, ढालीच्या एका अंगाला मुकुट घातलेला सिंह, दुसऱ्या अंगाला पांढरा घोडा. ह्या घोड्याच्या कपाळावर एक लांब, पिळाचं शिंग. गळ्यात सोन्याची साखळी. खाली एक लहरती पट्टी आणि पट्टीवर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं.

आजा आम्हा पोरांना पुढ्यात बसवून ह्या चित्राची फोड करून सांगायचा. पेशवाई बुडाली त्या साली अष्टीची लढाई झाली. बापू गोखले पडले. त्या धामधुमीत एक जखमी इंग्रज साहेब आमच्या रानात आला. आमच्या मूळपुरुषानं त्याला कडब्याच्या गंजीत लपवला, भाकरी घातली. पुढं कंपनी सरकारनं त्याची याद ठेवून आमच्या घराण्याला ही ढाल बक्षीस दिली. सिंह सरकारचा. घोडा आमच्या मूळपुरुषाचा. शिंग नव्हे ते, कपाळावर बांधलेला भाल्याचा तुरा. ढालीवर बारके सिंह मोजले तर सात भरतात, म्हणून सात गावची पाटीलकी. ढालीच्या एका कोपऱ्यात वीणेसारखं काहीतरी आहे, ते आमच्या घरातल्या पंढरीच्या वारीचं. आणि खालची अक्षरं मोडीची, पण ‘राजमोडी’ची, ती साध्या कुलकर्ण्याला लागत नाही.

सात गावची पाटीलकी आमच्याकडं कधी नव्हती. एका गावाची होती, त्यातही निम्मी. पण हे आज्याला विचारायची कुणाची छाती होती?

१९६२ च्या कायद्यानं मुलकी पाटीलकी गेली. त्यानंतर दोनच वर्षांत आमच्या घरात वाटण्या झाल्या. जमीन, बैलं, गंज, घंगाळी सगळं वाटलं गेलं. तंटा झाला तो ह्या तसबिरीवरनं. माझे थोरले चुलते म्हणाले, ढाल थोरल्या पातीची. माझा बाप म्हणाला, आजपर्यंत तिला कुंकू कोण लावत आलं? पंचांनी तसबीर थोरल्यांना दिली आणि आम्हाला बदल्यात तांब्याचा एक हंडा आला. बाप त्या हंड्यातलं पाणी मरेपर्यंत प्याला नाही. दोन्ही घरांमध्ये दहा हातांचा बोळ. लग्नाकार्यात अक्षता टाकायला जायचो, पण एकमेकांच्या सोप्यात बसणं बंद झालं ते बंदच.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या पातीतल्या माझ्या चुलतभावानं, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मला निरोप धाडला. दादांचं वय अठ्ठ्याहत्तर. नातवाचं लग्न ठरलेलं. नातू पुण्यात कंपनीत असतो. त्याच्या डोक्यात, लग्नपत्रिकेवर हे ‘राजचिन्ह’ छापायचं आणि नव्या बंगल्याच्या कमानीवर दगडात कोरायचं. पण दादा म्हणाले, “तू लिहितोस-वाचतोस. पावण्यांत कुणी इचारलं तर सांगाया कायतरी पायजे. जरा छडा लाव ह्याचा.” आणि पोराच्या हाती धोतराच्या फडक्यात गुंडाळून तसबीर माझ्या घरी पाठवली. साठ वर्षांनी ती बोळ ओलांडून आली.

खरं सांगतो, माझ्या मनात पाप होतं. चित्र खोटं निघावं असं मला वाटत होतं. बापाचा हंडा डोळ्यापुढं होता.

माझं शिक्षण दहावी. इंग्रजीत तेव्हा पस्तीस मार्क होते, तेही सरांच्या दयेनं. पण शेतकऱ्याला एक सवय असते, एक ढेकूळ दुसऱ्या ढेकळाशी ताडून बघायची. आमच्या माळावरच्या तुकड्यात नांगरट करताना कधीमधी जुने ढब्बू पैसे सापडतात. माझ्याकडं डबाभर आहेत. त्यातले १८३५ सालचे पाव आण्याचे, कंपनी सरकारचे, मी चिंचेनं घासून काढले आणि भिंगाखाली तसबिरीशेजारी ठेवले. नाण्यावरही ढाल होती. ढालीच्या दोन्ही अंगांना जनावरं होती. पण दोन्ही सिंहच. दोघांच्या हातात निशाणं. ढालीवर उभी-आडवी फुली, आणि फुलीच्या एका कोपऱ्यात तेवढं बारकं नक्षीकाम. शिंगाचा घोडा कुठंच नाही.

म्हणजे कंपनीची ढाल ही, आणि आमच्या सोप्यातली ढाल वेगळी. कंपनीनं द्यायची तर स्वतःची सोडून दुसऱ्याची कशाला देईल?

पुढचं मला तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका सरांनी उलगडून दिलं. मी त्यांच्याकडं तीन चकरा मारल्या, एकदा हरभऱ्याचे डहाळे घेऊन गेलो. ते चित्र बघून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, “काका, ही विलायतेच्या राजाची ढाल आहे.” ढालीचे चार भाग. दोन भागांत तीन-तीन चालते सिंह, ते इंग्लंड. एका भागात मागच्या पायांवर उभा एकटा तांबडा सिंह, तो स्कॉटलंड. तीन, तीन आणि एक मिळून सात. ही आमची सात गावं. वीणा म्हणजे आयर्लंड देशाचं हार्प नावाचं तंतुवाद्य. बाहेरचा सिंह इंग्लंडचा आणि शिंगाचा घोडा स्कॉटलंडचा. ह्या जनावराला युनिकॉर्न म्हणतात. ते जगात कुठं नसतं, नुसतं गोष्टीत असतं. गोष्टीत ते फार खुनशी, म्हणून गळ्यात साखळी. खालची राजमोडी म्हणजे फ्रेंच भाषा. इंग्रजांच्या राजाची ढाल आणि तिच्यावर फ्रेंच! अर्थ असा, की देव आणि माझा हक्क. ढालीभोवतीच्या पट्ट्यावरही फ्रेंचच. वाईट मनात आणील त्याला लाज वाटो, असं काहीसं. ते ऐकून मला जरा अंगावर आल्यासारखं झालं.

सरांनी आणखी एक बारकी गोष्ट दाखवली. १८३७ साली राणी व्हिक्टोरिया गादीवर आली. तिच्या आधीच्या राजांकडं जर्मनीतलं हानोव्हर नावाचं राज्यही होतं. म्हणून तोवर ह्या ढालीच्या मधोमध आणखी एक छोटी ढाल असायची. हानोव्हरच्या गादीवर बाईमाणूस बसू शकत नव्हतं, ते राज्य तिच्या चुलत्याकडं गेलं आणि मधली छोटी ढाल निघाली. आमच्या चित्रात ती छोटी ढाल नाही. म्हणजे चित्र १८३७ च्या पुढचं. अष्टीची लढाई १८१८ ची. कडब्याच्या गंजीतला साहेब तिथंच मेला म्हणायचा.

तिकडं भाऊबंदकीत चुलत्याकडं राज्य जातं आणि ढालीची वाटणी होते, हे ऐकून मात्र मला हसू आलं. आमच्याकडं नुसती तसबीर गेली होती.

तिकडं ह्या ढालींचा मोठा कारभार असतो, हेही तेव्हाच कळलं. लंडनात १४८४ सालापासून त्यासाठी वेगळं दफ्तर आहे. ढाल आडनावाला मिळत नाही. एका माणसाला मिळते आणि त्याच्या वंशात चालते. आडनाव सारखं म्हणून दुसऱ्याची ढाल आपल्या दारावर लावता येत नाही. आपल्या इकडच्या राजांना असल्या ढाली मिळाल्या त्या १८७७ च्या १ जानेवारीला, दिल्ली दरबारात. लॉर्ड लिटननं राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं आणि राजेरजवाड्यांना एकेक रेशमी निशाण वाटलं. त्या निशाणांवरच्या ढाली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालकडच्या एका मुलकी अंमलदारानं बसवल्या होत्या. कुणाच्या ढालीवर कुठलं जनावर ठेवायचं हे ह्या साहेबानं ठरवायचं आणि राजानं माथी लावायचं. त्या यादीत शिंदे, होळकर, गायकवाड. निम्म्या गावचा पाटील असायचं कारणच नव्हतं.

आणि त्या दरबाराच्या वेळी आमच्या माणदेशात काय चाललं होतं? १८७६ चा पाऊस गेलेला. गुरं मेलेली, माणसं पानं-मुळ्या खात होती, खडी फोडायच्या कामावर पोटावारी राबत होती. तिकडं रेशमी निशाणं फडकत होती. हे वर्ष ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

सर म्हणाले, तुमच्या घराची खरी निशाणी बघायची तर घरातलं दप्तर सोडा. आमच्या माळ्यावर कागदांचा एक रुमाल होता, वाटणीत आमच्याकडं आलेला. तो कुणालाच नको होता. कसर लागलेले कागद पुण्याला नेले. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी बसून वाचले. बहुतेक कर्जरोखे आणि चाऱ्याचा हिशेब. एक मात्र पेशवाईतला महजर निघाला, शेजारच्या गावाशी झालेल्या शिवेच्या तंट्याचा. खाली गावच्या साक्षी. लिहिता कुणाला येत होतं? नावं कुलकर्ण्यानं लिहायची आणि प्रत्येकानं आपल्या कामाचं हत्यार काढायचं. न्हाव्याचा आरसा. सुताराचं किंकरं. आणि पहिल्यांदा पाटलाचं नाव, त्याच्यापुढं चार रेघांत काढलेला नांगर. रुमणं, इसाड सगळं कळतंय. ‘निशाणी नांगर.’ ते गृहस्थ म्हणाले, पाटलाची निशाणी नांगरच असायची, सगळ्या मुलखात.

त्याच रुमालात माझ्या आजीच्या वेळचा एक कर्जरोखा होता. तिच्या नावापुढं गोल काढलेला. निशाणी बांगडी. आजी तीस वर्षांपूर्वी गेली. तिच्या हातचं काही म्हणून माझ्याकडं एवढंच आहे, त्या गोलावर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो.

असो. चित्र आलं कुठून, हे अजून सुटत नव्हतं. शेवटी दादांची परवानगी काढून मी चौकट उघडली. खिळे गंजलेले, मागची फळी खोक्याची. चित्र बाहेर काढलं तर खालचा बोटभर कागद आत दुमडलेला. दुमड उलगडली. तिथं गुजराती अक्षरं, अर्धी कात्रीत गेलेली, आणि एक आकडा, चाळीस. पाठीमागं खळीचे पिवळे डाग आणि त्या डागांत चिकटलेले चार-दोन पांढरे धागे.

धागे बघून मी फलटणला गेलो. तिथं जुन्या पेठेत एक कापडवाले शेटजी आहेत, ऐंशीच्या पुढचे. माझ्या लग्नाचा बस्ता त्यांच्याकडनंच बांधला होता. त्यांनी चित्र हातात घेतलं, उलटं केलं, धाग्यांवर नख फिरवलं आणि लगेच म्हणाले, “अरे पाटील, ही ताग्यावरची छाप! कुठं मिळाली एवढी चांगली?”

मग त्यांनी सांगितलं ते असं. विलायतेहून, मँचेस्टर भागातनं, कापडाचे तागे मुंबईत उतरायचे. आपला गिऱ्हाईक निरक्षर. त्याला कंपनीचं नाव काय कळणार? म्हणून प्रत्येक व्यापाऱ्यानं आपलं एक चित्र ठरवलेलं असायचं आणि ते ताग्यावर चिकटवायचं. कुणाचा हत्ती, कुणाचा वाघ, कुणाची लक्ष्मी, कुणाचा राजा. बाई दुकानात आली की म्हणायची, मागच्या खेपेचं ते हत्तीछाप मांजरपाट द्या. चित्र बदललं तर कापड तेच असूनही घ्यायची नाही. म्हणून चित्रं एवढी झळझळीत, सोनेरी, दगडी छापावर एकेक रंग वेगळा देऊन काढलेली. चाळीस म्हणजे चाळीस वार. ताग्यावर लांबी छापलीच पाहिजे असा कायदाही सरकारनं १८८९ साली केला होता, कारण वारात लबाडी फार चालायची. तागा संपला की लोक ते चित्र सोडवून घ्यायचे आणि पेटीच्या झाकणाला, नाहीतर देव्हाऱ्यात लावायचे. शेटजींच्या आईनं असल्याच एका लक्ष्मीची जन्मभर पूजा केली.

मी परत येताना एसटीत बसलो आणि मनात उकळ्या फुटत होत्या. कापडाच्या गठ्ठ्यावरचं लेबल! बोळाच्या पलीकडची सगळी ऐट कापडाच्या लेबलावर! घरी पोचेपर्यंत मात्र उकळी बसली. कारण दुसरा प्रश्न उभा राहिला. आमच्या गावात त्या काळी चाळीस वारांचा अखंड तागा कोण विकत घेणार? मग छाप आली कशी?

माझी आत्या हयात आहे. बापाची धाकटी बहीण, वय ब्याण्णव, पंढरपूरच्या वाटेवर एका गावात दिलेली. कान गेलेत, पण डोकं शाबूत. मी तसबीर घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं बघितली आणि पदर तोंडाला लावला.

“कुणी काढली रं ही बाहीर?”

“दादांनी. आत्या, ही आली कुठनं?”

बराच वेळ ती बोलली नाही. सुनेला चहा ठेवायला लावलं, ती आत गेल्यावर म्हणाली, “म्हाताऱ्यानं आणली. माज्या आज्यानं.”

तिचा आजा म्हणजे माझा पणजा. मी त्याला बघितलेला नाही. आत्या दहा-अकरा वर्षांची असताना तो गेला. घरात त्याच्याबद्दल एवढंच बोललं जायचं, की तो करारी होता आणि मुंबईला ‘साहेबाकडं’ होता.

“सायेबाकडं न्हवं,” आत्या म्हणाली. “हमाल हुता. मूळजी जेठाच्या बाजारात. गाठी व्हायचा.”

दुष्काळात त्याचा बाप गेला. तेव्हा तो पंधरा-सोळाचा. घरात खायला कोंडा नाही. गावातली पाच-सहा पोरं पुण्यापर्यंत चालत गेली आणि तिथनं आगगाडीनं मुंबईला. त्यातली दोन वाटेतच मेली. पणज्यानं वीस वर्षं कापडाच्या गाठी पाठीवर वाहिल्या. मधी येऊन लग्न करून गेला, पेरणीला कधी यायचा कधी नाही. मुंबईत प्लेग सुरू झाला, तो १८९६ साल, तेव्हा सगळी माणसं गावाकडं पळाली त्यात हाही आला. येताना एक पत्र्याची पेटी. पेटीत ही छाप.

“त्येच्या मानंवर उशीवानी गोळा हुता,” आत्या म्हणाली. “मी त्येल लावायची. इचारलं तर म्हनायचा, घोड्यावनं पडलो. येकदा मला खरं सांगितलं. भाऊला सांगू नगंस म्हनला. भाऊ म्हंजी तुजा बाप. पाटलाच्या पोरानं वजी व्हायची म्हंजी काय त्ये दिस न्हवतं, बाबा.”

तो मुंबईत होता तोवर पाटीलकीचं काम दुसरे वाटेकरी बघत होते. परत आल्यावर ती त्याला सहजी कोण देईल? मुंबईत काय करत होतास, असं चावडीत कुणीतरी विचारलंच असणार. मग त्यानं तसबीर भिंतीला लावली. कडब्याच्या गंजीतला साहेब पहिल्यांदा त्यानंच सांगितला की माझ्या आज्यानं पुढं जोडला, हे आत्यालाही माहीत नाही. मला वाटतं, बापलेकांनी मिळून तो वाढवला. घोडा तर नक्कीच पणज्याचा. मानेवरचा गोळा घोड्यावरनं पडून आलेला सांगायचा, तर घोडा कुठंतरी दाखवायला पाहिजेच की.

निघताना आत्या म्हणाली, “त्येचा आकडा हाय का रं अजून?”

आकडा! आमच्या घरात एक लोखंडी आकडा आहे, लाकडी मुठीचा, वीतभर लांब, टोकाला वाघनखासारखा वळलेला. विहिरीत बादली पडली की आम्ही त्याला दोर बांधून सोडायचो. माझ्या पोरांनीही सोडला. मूठ एका बाजूला इतकी झिजलीय की चार बोटांच्या खाचा पडल्यात. बादली काढून असल्या खाचा पडत नाहीत, हे मला साठ वर्षांत एकदाही सुचलं नाही. गाठीत रोवून ती पाठीवर ओढून घ्यायचा हमालाचा आकडा तो.

घरी आलो आणि दादांना सांगावं की नाही ह्यात आठ दिवस गेले. सांगितलं नसतं तर लग्न झालं असतं, कमान झाली असती. बायको म्हणाली, “सांगायचं न्हवतं तर गेलावता कशाला?” एका सांजेला बोळ ओलांडून दादांच्या सोप्यात गेलो. दोघं दाराच्या उंबऱ्याजवळ बसलो. पहिल्यापासून सगळं सांगितलं. सात गावं, वीणा, फ्रेंच, छाप, आत्या. दादा तंबाखू मळत होते, ती मळायची थांबली. देव आणि माझा हक्क, एवढ्यावर एकदा मान हलवली. हमालीचं सांगताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

“पत्रिका छापून झाल्यात,” ते शेवटी म्हणाले. “पाचशे.”

“असू द्या की दादा. कोण बघतंय.”

“पोराला मी सांगतो.” मग थोड्या वेळानं, “कमान ऱ्हाऊ दे.”

लग्न चांगलं झालं. पत्रिकेवर सिंह आणि घोडा सोनेरी शाईत फार उठून दिसत होते, पाव्हण्यांनी तारीफ केली. मी अक्षता टाकून आलो.

लग्नानंतर आठवड्याभरानं सकाळी मी गोठ्यात धारा काढत होतो, तर दादा काठी टेकत आमच्या सोप्यात येऊन उभे. वाटणीनंतर पहिल्यांदा. बायकोनं घाईनं घोंगडं टाकलं. ते बसले नाहीत. म्हणाले, “म्हाताऱ्याचा आकडा दाव.”

मी माळ्यावरनं काढून दिला. त्यांनी मुठीच्या खाचांत बोटं घालून बघितली. त्यांची बोटं जाडजूड, तरी बसली. मग आकडा खांद्यावरनं मागं नेऊन, पाठीवर गाठ आहे असं समजून, जरा वाकून बघितलं. उठताना कमरेत उसण भरली तशी मी धरलं. मग घोंगड्यावर बसले, चहा घेतला, पाणी मागितलं. बायकोनं हंड्यातलंच दिलं.

तसबीर खुंटीला होती. जाताना ती त्यांनी नातवाच्या हाती घेतली आणि आकडा माझ्याकडं ठेवून गेले.